तीन तास चाळीस मिनिटं

२ तारीख
मुलाने तिकीट हातात दिलं. एकोणीसचं. लेकीचे दिवस भरत आलेत, पहिलंच बाळंतपण, आई हवीच. ती परदेशात, बारा हजार किलोमीटरवर. सकाळी सहाला उडणार, नऊ चाळीसला उतरणार. म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं! शेजारणीला सांगून आले, तुला माहेरी जायला याहून जास्त लागतात. तोंड बघण्यासारखं झालं तिचं.

३ तारीख
मुलगा पोट धरून हसला. म्हणे, आई, तिथलं घड्याळ साडेदहा तास मागे. खरे चौदा तास दहा मिनिटं. मास्तरांनी आगगाडीची गणितं शिकवली, घड्याळ मागे असलेल्या गावाची नाही. शेजारणीला कळवायची गरज नाही.
भीती? मला? हॅट! बसायची सवय नाही एवढंच. सराव करणार.

५ तारीख, सकाळी ६
खिडकीशी खुर्ची. ह्यांच्या कमरेच्या पट्ट्याने स्वतःला खुर्चीला बांधलं. ह्यांना जन्मभर मला एका जागी बसवता आलं नाही. आता पट्टा बघून घेईल.
६.२०. दूध उतू गेलं. उठले. चूक दुधाची.

८ तारीख
एक तास पन्नास मिनिटं. त्यात तासभर डोळा लागला, पण विमानात झोपतातच. शेजारीण आली, पट्टा बघून दचकली. म्हटलं, कंबर धरलीय. मग खुर्चीला कशाला बांधलं, म्हणाली. म्हटलं, तिचीही धरलीय.

१३ तारीख
सगळ्या दिवसांची बेरीज चौदा तास बावीस मिनिटं. म्हणजे पोचले. वरची बारा मिनिटं बॅग शोधायला.

१६ तारीख
लेकीचा फोन. येतेस ना नक्की? म्हटलं, अगं, सरावात एकदा येऊन गेले. ती हसली नाही. मला भीती वाटते गं, म्हणाली. म्हटलं, मी आहे ना.
फोन ठेवला आणि गुडघा दुखायला लागला. आधी कधी दुखला नव्हता.

१८ तारीख
गुडघा फारच. मुलाला म्हटलं, तिकीट रद्द कर. तो म्हणाला, सकाळी तर डावा दुखत होता. केलं बिचाऱ्याने रद्द. लेकीला मीच सांगते म्हटलं. संध्याकाळी सांगेन. नाहीतर उद्या. पुढच्या महिन्यात जाणारच आहे.

१९ तारीख, सकाळी ५.३०
जावयांचा फोन. कळा सुरू झाल्या, दवाखान्यात आहेत. ती सारखी विचारतेय, आई विमानात बसली का?
म्हटलं, बसले.

रात्री ८.१०
सहाला खुर्चीत बसले, पट्टा लावला. विमानात फोन बंद ठेवतात म्हणून बंद ठेवला. दूध तापवलंच नाही. चौदा तास दहा मिनिटं, एकदाही उठले नाही. गुडघा जरासुद्धा दुखला नाही.
आता फोन लावला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. जावई म्हणाले, गाडी पाठवलीय, लेक विचारतेय, आई कुठल्या दाराने बाहेर येणार?
पट्टा सुटत नाहीये.