मुलाखत तिची, आवाज तुझा

प्रिय मनवा,

फोन करायचा धीर होत नाही आणि ऑफिसच्या मेलवर हे लिहिता येत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर सांभाळून घे.

मंगळवारी आमच्या टीमचा प्रमुख असलेल्या सुहासने मला पहिल्यांदाच मुलाखत घ्यायला बसवलं. समोर स्क्रीनवर रोहिणी नावाची मुलगी, यंदाच कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली. उत्तरं इतकी नेमकी, की सुहास खूश झाला. मी मात्र तिचे ओठ बघत होते. शब्द आधी येत होते, ओठ मागून हलत होते. मी विचारलं, डेडलॉक म्हणजे काय? उत्तर आलं : अरुंद पुलावर दोन टेम्पो समोरासमोर आलेत आणि मागे घ्यायला कोणीच तयार नाही. मनवा, कोल्हारच्या पुलाचं हे उदाहरण तू मला शिकवलं होतंस, आणि आवाजही तुझाच होता. त्यानंतर मला रोहिणी दिसेचना. "काही खटकलं का?" सुहासने विचारलं. "नेट स्लो असेल," मी म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या केडगावच्या घरी आपण हेच केलं होतं. मी सात मुलाखतींत गप्प होऊन परत आले होते. खर्ड्याहून आई रोज विचारायची, "पोरगी कंपुटर शिकली, आता नोकरी कवा लागायची?" तुला तोवर नोकरी लागली होती. तूच म्हणालीस, कॅमेऱ्यासमोर तू बस, बोलते मी. तुझ्या आईला, प्रेमलाकाकूंना, मिक्सर लावू नकोस म्हणून बजावलंस आणि टेबलाच्या पलीकडे जमिनीवर बसून माझ्या नावाने बोललीस. नोकरी लागली. पुढचे आठ महिने मी रोज सकाळी घाबरतच ऑफिसला जायचे. साधी चूक सापडली तरी वाटायचं, आज कळणार. संध्याकाळी तू फोनवर एकेक ओळ समजावायचीस. काम मला खरंच यायला लागलं ते तुझ्यामुळे. भीती मात्र गेली नाही.

आणि तुझी नोकरी गेली तेव्हा? पूर्ण टीमच काढली, म्हणून तू सांगितलंस. मी दोनदा विचारपूस केली. मग तुझे फोन घेणंच कमी केलं.

मंगळवारनंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. रोहिणीचं नाव पक्कं होत आलं होतं. ती सोमवारी माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसणार आणि माझे ते आठ महिने जगणार. शुक्रवारी सकाळी मी सुहासला एकटं गाठून सांगितलं. तिचं सांगितलं, आणि माझंही. तो म्हणाला, "दोन्ही वेळी आवाज कोणाचा होता ते सांग. तुझ्यासाठी वर बोलून बघतो." मी नाव सांगितलं नाही. दुपारी माझा राजीनामा घेतला. आईला फोन केला तर ती म्हणाली, "खोटं बोलून घेतली हुती व्हय? मग सुटली ते बरं झालं. जेवलीस का?" तेव्हा कुठे रडू आलं.

पण तुझं नाव न सांगून मी उपकार फेडले असं समजू नकोस. त्यासाठी हे पत्र नाही. जूनमध्ये तू मला रिझ्युमे पाठवला होतास, आमच्या कंपनीत जागा आहे का म्हणून. मी नाही म्हणाले. जागा होती, मनवा. दोन होत्या. तू ऑफिसात आलीस तर माझं बिंग फुटेल, या भीतीने मी तो पुढे पाठवलाच नाही. त्यामुळेच तू दुसऱ्यांच्या मुलाखती द्यायला लागलीस का, हे मला माहीत नाही आणि विचारायचा हक्कही नाही. पण हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. रविवारी सकाळच्या एसटीने केडगावला उतरतेय. भांडायचं असेल तर मनसोक्त भांड, पण घरी रहा.

तुझीच,
सृष्टी