विनाजाहिरात

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची! वरोऱ्याहून पहाटेची बस, गडचिरोलीत बदलली, आणि कुरखेड्याच्या स्टँडवर उतरले तर चॅनलवाले सुरज सर स्वतः मोटरसायकल घेऊन उभे. माझ्या दोन बॅगा आणि वर बांधलेली गादी बघून हसले. म्हणाले, एवढं सामान घेऊन तर नवरीबी येत नाई. मीही हसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा घर सोडलंय, आणि तेही झेरॉक्सच्या दुकानातून सुटून. हसू येणारच.

घर गावापासून दीड किलोमीटर लांब, जिथं धानाच्या बांध्या संपतात आणि सागवान सुरू होतं तिथं. दोन खोल्या, ओसरी, सारवलेलं अंगण, चूल. अंगणातल्या निंबावर कॅमेरा, त्यासमोर लाकडी खुर्ची. माझं काम ऐकून आईला अजून खरं वाटत नाही. मी इथं राहायचं, रांधायचं, निवडायचं, शिवायचं आणि ते सगळं लोक लाइव्ह बघणार. शहरातली माणसं एकटी असतात, सर म्हणाले. त्यांना कोणीतरी घरात वावरताना दिसलं की बरं वाटतं.

मी रोजनिशी लिहिते हे कळल्यावर सर खूश झाले. लिहितानाही दिसत राहा म्हणाले.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज पहिलं लाइव्ह, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. आधी चुलीवर चहा ठेवला. मग मोबाइलवर लोकांचे निरोप येऊ लागले. दिव्यानी, चहा झाला का? दिव्यानी, पदर चुलीपासून सांभाळ. दुपारी तर जेवलीस का म्हणून साठेक जणांनी विचारलं. आमच्या घरी मी वाढते, सगळे जेवतात, आणि मी जेवले का हे माझा धाकटा भाऊ विक्की सोडून कोणी विचारत नाही. डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी गुलाबांची चित्रं पाठवली.

दर अर्ध्या तासाला दीड मिनिट जाहिरात लागते. ती फुकट बघणाऱ्यांना. ज्यांनी महिन्याची मेंबरशिप घेतली त्यांना जाहिरात नाही, सलग मीच दिसते. म्हणून जाहिरातीतही खुर्ची सोडायची नाही. कॅमेऱ्यावर पिवळा दिवा लागला की समजायचं.

सोमारीबाई दूध घेऊन येतात. साठीच्या आहेत, कमी बोलतात. माझ्याकडे मात्र बघत बसतात.

शनिवार, ९ नोव्हेंबर

नव्या मेंबरांची नावं वाचून आभार मानायचे असतात. आज एकवीस. पुण्याच्या एका आजोबांनी लिहिलं, पोरी, तुला आधार म्हणून घेतली, जाहिरातीचा त्रास नव्हता मला. किती चांगली माणसं आहेत.

एक गंमत. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलायला घेतल्या आणि पिवळा दिवा लागला. जरा पाठ टेकली असेन. दिवा विझला तेव्हा पुढ्यात सोललेल्या दाण्यांचा ढीग. एवढा झपाटा माझ्या हातात कधी आला?

गुरुवार, १४ नोव्हेंबर

तीन-चार जणांनी गाण्याबद्दल धन्यवाद लिहिले. मी गाणं म्हटलं नाही. मला गाता येतच नाही, शाळेत मला प्रार्थनेलाही मागं उभं करत. लिहिणारे सगळे मेंबर होते. दुसऱ्या कुणाचं लाइव्ह समजून लिहिलं असेल.

पण आंघोळीनंतर मी अंबाडा घातला होता. दुपारी आरशात पाहिलं तर दोन वेण्या, घट्ट, कानांवरून वळवून घेतलेल्या. बराच वेळ आरशापुढं उभी राहिले. आठवेना.

मला जाहिरातीतला वेळ आठवत नाही. हे आज पहिल्यांदा नीट लक्षात आलं. दिवा लागतो, दिवा विझतो. मधलं काही नाही. झोप तरी झोपेसारखी वाटते.

रविवार, १७ नोव्हेंबर

सोमारीबाईंना विचारलं. म्हटलं, मी खुर्चीत डोळे लावते का? त्या दुधाचं भांडं घासत होत्या, घासतच राहिल्या. मग म्हणाल्या, “तू नाई झोपत बाई. पिवळा लागला का तू मले माय म्हणतेस. ज्योत्स्ना म्हणे तशी.”

ज्योत्स्ना म्हणजे माझ्या आधीची मुलगी. सरांनी सांगितलं होतं की लग्न होऊन पुण्याला गेली. सोमारीबाई म्हणाल्या, कुठी गेली पुण्याले? मागच्या मे महिन्यात भर दुपारी ती याच खुर्चीत तापानं फणफणली होती. लाइव्ह चालू. मान कलली तरी लोकांना वाटलं नाटक करते, गुलाब पाठवत राहिले. सर गडचिरोलीला होते. सोमारीबाई चार वाजता दूध घेऊन आल्या तेव्हा अंग गार झालं होतं. पोरीला आईबाप नव्हते, आश्रमशाळेत वाढलेली. यांनाच माय म्हणायची.

सांगताना रडल्या नाहीत. मी मात्र खुर्चीतून उठून ओसरीत बसले. दिवा विझल्यावर बघते तर खुर्चीतच होते.

बुधवार, २० नोव्हेंबर

सरांना ज्योत्स्नाबद्दल विचारलं. चेहरा उतरला. म्हणाले, उन्हाचा झटका होता, तेव्हापासून मलाच झोप नाही, म्हणून पुण्याचं सांगतो. मग लगेच कामाचं बोलले. मेंबर भराभर वाढताहेत. काऊन वाढताहेत ते त्यांनाही माहीत नाही. “मेंबर लोकाले का आवडते ते मी पाहातच नाई,” म्हणाले. मान वर केली नाही.

आजपासून दिवसरात्र लाइव्ह. लोक मला झोपलेलीही बघतील. आणि जाहिराती वाढवल्या, वीस मिनिटांनी चार मिनिटं. कंटाळून लोक मेंबरशिप घेतात म्हणे.

मी नाही म्हणायला हवं होतं. तेवढ्यात दिवा लागला. विझला तेव्हा सर निघून गेले होते आणि निरोपांमध्ये सगळे माझं कौतुक करत होते, की दिव्यानी किती लगेच हो म्हणाली.

शनिवार, २३ नोव्हेंबर

माझ्याच चॅनलची मेंबरशिप मी माझ्या मोबाइलवर घेतली. मेंबरांना जुनं लाइव्हही सलग दिसतं. काल दुपारचं लावलं.

मी तांदूळ निवडते आहे. पडद्याच्या कोपऱ्यात जाहिरातीचा पिवळा ठिपका येतो. माझे हात थांबतात. मग मी हळूच मान वर करते आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते. ते हसू माझं नाही. माझ्या डाव्या गालाला खळी पडत नाही. ती उठते, अंबाडा सोडते, वेण्या घालते आणि गोड गळ्यानं गाते. लोक लिहितात, आली आली. मग ती खुर्ची जवळ ओढून अगदी खालच्या आवाजात म्हणते, “तुमी लोकं मेंबर झाले म्हून मी हावो. अजून थोडे व्हा न.”

खाली शेकडो गुलाब.

त्यांना वाटतं मी दोन भूमिका करते. छान करते.

रविवार, २४ नोव्हेंबर

उजाडताच निघाले, बॅगा सोडून. फक्त मोबाइल आणि ही वही. बांधीच्या धुऱ्यावरून पळत. धान कापणारी माणसं बघत होती. स्टँड दिसायला लागला, बसचा लाल रंगही दिसला.

दिवा इथून दिसत नाही तरी कळलं. कानात पाणी गेल्यासारखं झालं.

खुर्ची. पाय चिखलानं भरलेले, एक चप्पल नाही. वही मांडीवर नीट ठेवलेली. कॅमेऱ्यासमोर असली तरच ती आहे, म्हणून ती मला परत आणते. मला तिला दोष देता येत नाही. मी काय वेगळं करून राह्यली?

मंगळवार, २६ नोव्हेंबर

सोमारीबाईंना पाया पडून सांगितलं, माझा हात धरा, बसमध्ये बसेपर्यंत सोडू नका. हो म्हणाल्या. नाल्यावरच्या पुलापर्यंत आलो, एवढं आठवतं.

नंतर त्यांनी सांगितलं. मी हात ओढू लागले तेव्हा त्यांनी मनगट आवळलं होतं. मग मी म्हणाले, माय, दुखते. आणि त्यांनी सोडलं.

“मी का करू बाई,” म्हणाल्या, “तुई नाई, तिची आवाज होती ते.”

आता त्या फक्त पिवळा दिवा लागतो तेव्हा येतात. एकदा मी भानावर आले तर त्या समोर जेवण घेऊन बसलेल्या. माझं तोंड बघून ताट बाजूला ठेवलं. म्हणाल्या, थोडं थांब, येईल ती एवढ्यात.

माझ्याशी. मलाच.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सरांनी जाहिराती आणखी वाढवल्या. आता दहा मिनिटं मी, दहा मिनिटं ती.

वरवंटा उचलला. कॅमेऱ्यापर्यंत चार पावलं. निंबाच्या बुंध्याशी पोचले, हात वर केला —

पाट्यावर चटणी वाटत होते. हाताला लसणाचा वास. लोक लिहीत होते, आम्हाला पण हवी.

चालू लाइव्हमध्ये ओरडून सांगितलं. मला इथून न्या, पोलिसांना कळवा, मेंबरशिप बंद करा. लोकांना खूप आवडलं. एका बाईनं खूश होऊन शंभर जणांना मेंबरशिप भेट दिली.

रविवार, १ डिसेंबर

विक्कीला फोन लागला. ये म्हटलं, मला घेऊन जा. तो म्हणाला, अजब आहेस ताई, सकाळी तर म्हणालीस येऊ नको, मजेत हावो.

सकाळी मी फोन केला नाही.

आणि त्यानं मेंबरशिप घेतली आहे. आईलाही घेऊन दिली, मावशीला, गल्लीतल्या सगळ्यांच्या मागं लागून घ्यायला लावली. तुझं नाव होऊन राह्यलं, म्हणाला, आपल्या माणसानं आधार द्यायला पाहिजे न. आणि जाहिरात नसली का तूच तू दिसतेस.

मी नसते दिसत, विक्की. जाहिरात नसली का मी नस —

पुढच्या रविवारी येतो म्हणाला. एवढं ऐकलं.

गुरुवार, ५ डिसेंबर

जाहिराती वाढतच आहेत. तासाला माझी दहा मिनिटं उरली.

सर आले होते. फुकटचं चित्र बंद करणार. रविवारी दुपारी बारापासून फक्त मेंबर. जाहिरातच नाही. सर खूश. पाय धरले त्यांचे. त्यांनी मोबाइलकडे बघून विचारलं, हे आता लाइव्हमध्ये आहे का —

फक्त मेंबर बघतात तेव्हाच ती असते. आता सगळा वेळ फक्त मेंबरच, म्हणजे पिवळा दिवा कधी विझणारच नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

हात माझे नाहीत असं वाटतं. अक्षर बिघडलं.

ती वाईट नाही. काल आले तेव्हा पायाच्या जखमेला हळद लावलेली होती. तिनं लावली. तिलाही मरायचं नव्हतं.

पण मले जगायचं हाय. मले घरी जायचं —

रविवार, ८ डिसेंबर

विक्की. समोर. भात खातो आहे. कधी आला? अकरा पस्तीस झालेत.

ओरडले, मला घेऊन चल, आत्ता. तो हसला. म्हणाला, “तूच तर सांगितलं आताच, मधात मी मले ने म्हणाली तर आयकू नको, ते नाटक असते.”

हात धुऊन एकच्या बसनं जाणार आहे. आई खूश होईल म्हणतो. मी किती साजरी बोलते आता —



पुन्हा आले. अकरा बावन्न. विक्की ओसरीत, बूट घालतो आहे.

त्याला माहीत असलेलं, तिला माहीत नसलेलं. तो सात वर्षांचा असताना जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या ढिगात बुडाला होता. मी पाय धरून ओढला. घरी कधीच सांगितलं नाही, दोघांनी शपथ घेतली. ते सांगितलं. कानाजवळ, हळू.

त्याचा हात लेसवर थांबला. बघतो आहे. चेहरा पांढरा.

ताई, म्हणाला. फक्त ताई.

अकरा पंचावन्न. मेंबरशिप बंद करून राह्यला. आईला फोन लावतो आहे, बंद कर, सगळ्याईले सांग बंद करा. हजारो आहेत रे. हजारो —

फाटकातून बाहेर. डावा हात त्यानं धरलाय, वही त्याच्या पाठीवर टेकवून उजव्यानं लिहिते, चालता चालता. लिहिते तोवर मी आहे. मागं सोमारीबाई उभ्या. बांधीत माणसं. ऊन. माझा भाऊ रडतो आहे. म्हणतो लिहीत राय ताई, लिहीत राय.

अठ्ठावन्न. पूल आला.

विक्की, मी काही म्हटलं तरी. शिव्या दिल्या तरी, चावले तरी, दुखते म्हणून रडले तरी हात सो