जाळ्यापर्यंत हळूच

४ जाने. २००४, मु. मूल
ऊर्जानगरच्या, वीज केंद्रातल्या साहेबांच्या कॉलनी क्लबात २५ तारखेच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळाली! मी गिटार अन् गुरगुरणं, मोऱ्या ड्रम. आख्ख्या तालुक्यात डेथ मेटल वाजवणारे आम्ही दोघंच. गाणं तयार. सात रिफ, म्हणजे गिटारचे घोळून घोळून वाजवायचे तुकडे, सगळ्या सुसाट.

९ जाने.
अब्बा गादीत कापूस भरता भरता ऐकत होते. "काऊन रे शकील, तू बी कापूसच पिंजून राह्यला काय?" जाम चिडलो. मग टेप करून ऐकलं. खरंच की. सातही सारख्याच. कुठली कुठं संपली, मलाच कळेना. साहेब लोकांसमोर फजिती होणार. रडायचाच बाकी.

१३ जाने.
तळहात तारांवर दाबून एक संथ, जड रिफ केली. मस्त! पण मोऱ्या चार ठोके हळू मारतो, पाचव्याला सुटतो. "मले हळू जमत नाई." भांडण. काठ्या घेऊन गेला घरी.

१८ जाने., रवि.
समजूत घालायला त्याच्या गावी. तळ्यात जाळं लावलेलं. मोऱ्या डोंग्यात, लहानशा होडीत बसून तिच्या कडेवर काठी ठोकत मासे जाळ्याकडे हाकत होता. ठक... ठक... अर्धा तास, घाई म्हणून नाही! अगदी जाळ्याशी आल्यावर एकदम धडाधडा. अंगावर काटा आला.
काठावर आल्या आल्या धरला. "अन् ड्रमवर काऊन नाई जमत?"
"आधीच जोरात मारलं तं मासोळी चिखलात घुसते ना बे. तुह्या गाण्यात मासोळी कुठी हाये?"
त्याची आई हसून हसून खालीच बसली. रस्सा-भात खाऊन आलो. दोनदा वाढून घेतला.

२१ जाने.
जुन्या सातातल्या सहा काढून टाकल्या. जीव तुटला. आता संथ रिफ घोळवायची, शेवटी एकच सुसाट. कधी सुटायचं ते मोऱ्या ठरवणार. मोजायचं नाही. अब्बांनी सुई थांबवून ऐकलं. पिंजण्याचं नावही काढलं नाही.

२५ जाने., ऊर्जानगर
पडद्यामागं बसून लिहितोय. समोर समूहगीत चाललंय, त्यानंतर आम्ही. खुर्च्या फुल्ल. मागच्या ओळीत अब्बा, बाजूला मोऱ्याची आई.
मोऱ्या फटीतून लोकांकडे बघतोय. "खुर्चीत पुढं सरकले का मंग सोडतो."
"अन् नाई सरकले तं?"
"तं दहाही मिनिटं हळूच."
नाव पुकारलं.