सिनेमाची दुसरी सीडी

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, धंदा शिवणकाम, डोळ्यांमुळे सध्या बंद. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी सोबत जोडला आहे, कारण आमच्या घरात नेमका हाच प्रश्न निघणार. जे लिहिते ते माझ्या मनाने लिहिते. मुलाला विचारलेले नाही.

१. माझे यजमान वारले. त्यांना हेरगिरीच्या सिनेमांचे भारी वेड. एका सिनेमाच्या दोन सीड्या होत्या. दुसरी कोणा गिऱ्हाइकाने नेली ती परत आलीच नाही, म्हणून सीडीवाल्या दुकानदाराने पहिली यांना फुकट देऊन टाकली. तीत हेराची बायको गॅलरीत पिवळा टॉवेल वाळत घालते, समोरच्या खिडकीतला माणूस मान डोलावतो आणि सीडी संपते. मुलाला मांडीवर घेऊन यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. पुढे मी आमचा पिवळा टॉवेल वाळत घातला की मलाच विचारू लागले, "आज पिवळा का? कुणाला खूण केलीस?" आधी मी हसले. मग कपडे आत पंख्याखाली वाळवू लागले. ते जाईपर्यंत गॅलरीतली दोरी रिकामी राहिली. तो आजार होता हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

२. शिवणयंत्र व कात्र्या सुनेला. तिला साधे बटण लावता येत नाही, तेव्हा खुशाल विकावे.

३. नणंदबाई त्या काळात चारचौघांत म्हणाल्या होत्या, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही." त्यांना माझा पिवळा टॉवेल द्यावा. धुऊन, घडी घालून द्यावा.

४. राहते घर सुनेच्या एकटीच्या नावे करते. मुलगा म्हणेल, आईला फितवले. बाळा, तुला कोणी घराबाहेर काढत नाही, जन्मभर राहा. पण परवा तू तिला विचारलंस, "आज पिवळा का?" मी तिथेच भाजी निवडत होते. तेव्हापासून तीही कपडे आत वाळवते. बापाचं नाक तुला आलं, त्याचं कौतुक केलं. हे आलं असेल तर मला फार भीती वाटते रे. डॉक्टरांकडे जा. तू गेला नाहीस, तर निदान तिच्या डोक्यावर तिचं स्वतःचं छप्पर असू दे.

५. दुकान आवरताना दुकानदाराला दुसरी सीडी माळ्यावर सापडली, गिऱ्हाइकाने ती केव्हाच परत केली होती. ती मी एकटीने पाहिली. ती मुलाला देते. सिनेमा बघून आजार जात नाही एवढं मला कळतं, गोळ्या घ्याव्याच लागतील. तरी बायकोला शेजारी बसवून बघ. फितूर कोण, तर हेराचा साहेब निघतो. समोरचा माणूस नुसता शेजारी होता, ओळखीचा म्हणून मान डोलावत होता. आणि तो टॉवेल ओला होता रे, म्हणून वाळत घातला होता.

साक्षीदार : डॉक्टर (सही), सीडीवाले दुकानदार (सही). दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : राहते घर, गॅलरीत, दोरीखाली.
दिनांक : डॉक्टरांनी आपल्या हाताने घातला आहे.
मृत्युपत्र करणार : (सही)