माझं कपाट प्रदर्शनात आहे

प्रिय छोटीस,

ताईचे आशीर्वाद, आणि ते कुडकुडत दिलेले आहेत हे आधी लक्षात घे. तुझं पित्त काय म्हणतंय? यजमानांनी कानाचं यंत्र लावायला सुरुवात केली, की ते अजून खोक्यातच आहे आणि तू ओरडतेच आहेस? मी ठीक आहे. कितपत ठीक, ते पुढे वाचशीलच.

तर तुझ्या लाडक्या भाचीने माझं कपाट नेलं. झोपायच्या खोलीतलं, आरशाचं. कलेच्या नावाखाली तिचं नक्की काय चाललंय हे मला गेली वीस वर्षं समजलेलं नाही, पण निदान आतापर्यंत ते तिच्या घरी चालत होतं. समूह प्रदर्शन म्हणजे पन्नास जणांची नावं आणि त्यात शेवटून तिसरं हिचं, एवढं मला कळतं (आमंत्रणावर ते भिंगाशिवाय सापडत नाही, तरी मी शेजारणीला दाखवते). यंदाचं प्रदर्शन मात्र मोठं. दोन वर्षांतून एकदा भरतं, देशोदेशीचे कलाकार असतात. इथेही कोणी दखल घेतली नाही तर सगळं गुंडाळून शाळेत चित्रकला शिकवीन, असं ती इथे मुक्कामाला आली तेव्हा तिने दात घासता घासता, माझ्याकडे न बघता सांगितलं. एकेचाळीस वर्षांची मुलगी असं बोलली की आईने काय म्हणायचं? कपाट हवंय म्हणाली, मी हो म्हटलं. जसंच्या तसं हवंय म्हणाली, त्यालाही हो म्हटलं. मला वाटलं, त्याला पॉलिश करून ठेवू नकोस, एवढंच तिचं म्हणणं. मी दाताच्या डॉक्टरकडे गेले असताना पांढरे हातमोजे घातलेली चार माणसं आली आणि कपाट आतल्या कपड्यांसकट, तान्ह्या बाळासारखं गुंडाळून घेऊन गेली. (बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात सुपरवायझर होते. माझ्या सहीशिवाय खुर्ची हलत नसे.) किल्ली तेवढी माझ्या पर्समध्ये राहिली.

दोन झग्यांवर आठवडा काढला. मग गारठा वाढला आणि मी स्वेटर आणायला प्रदर्शनात गेले. जुनं गोदाम आहे, आता आतून पांढरं केलंय. पहिल्या खोलीत वाळूचा ढीग. दुसऱ्या खोलीत पडद्यावर एक माणूस झोपलेला. मी बराच वेळ थांबले, उठला नाही. (कोणाच्या तरी मुलाला विश्रांती मिळतेय, बरं वाटलं.) तिसऱ्या खोलीत माझं कपाट. पुढे दोरी, वरून उजेड सोडलेला, आपल्या शाळेच्या चॅपलमध्ये मूर्तीवर सोडत तसा. शेजारी पाटी: ‘बंद. लाकूड, कपडे, डांबरगोळ्या.’ लोक हाताची घडी घालून बंद दाराकडे बघत होते. एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती की बायका आयुष्यभर जे बोलत नाहीत, ते सगळं या कपाटात आहे. मी आयुष्यभर काही बोलले नाही, हे ऐकून मला भरून आलं. आमच्या ऑफिसातल्या लोकांना कळवायला हवं.

दोरी ओलांडली. स्टुलावरचा रखवालदार उठला.

“आजी, हात लावायचा नाही.”

“कपाट माझं आहे.”

“इथे सगळे असंच म्हणतात.”

“किल्लीही सगळ्यांकडे असते का?”

यावर तो खाली बसला.

उघडलं आणि आत बघवेना. वाहतुकीत सगळ्या घड्या कोसळलेल्या. शाळेत एक रुमाल वाकडा दिसला तर सिस्टर अख्खं डेस्क जमिनीवर उपडं करायच्या, ते तुलाही ठाऊक आहे. मी खाली बसले आणि पहिल्यापासून घड्या घालायला लागले. माझे आतले लोकरी पायजमे, जे मी दोरीवरसुद्धा टॉवेलखाली वाळत घालते, तेही मांडीवर घेऊन सरळ केले. मागे माणसं आहेत हे विसरलेच होते. वळून बघते तो चाळीसेक माणसं, आणि कोणी खोकतसुद्धा नाही. शेंडी बांधलेल्या एका बाप्याला सांगितलं, तू माझ्या उजेडात उभा आहेस. तो आभार मानून मागे सरकला. एक बाई रडत होती. मी स्वेटर चढवला, कुलूप लावलं, पर्स उचलली, तर टाळ्या.

दारात तुझी भाची उभी, पांढरीफटक. छोटे, खरं सांगते, पोरीची वीस वर्षं मी एका स्वेटरपायी मातीत घातली असं वाटलं. ती जवळ आली आणि एवढंच म्हणाली, “आई, उद्या येशील?”

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. क्युरेटरबाईंनी (कोणाची वस्तू कुठल्या कोपऱ्यात ठेवायची ते या ठरवतात) माझे दोन्ही हात धरून सांगितलं की काम आजवर अपुरं होतं. मी म्हटलं, अजूनही अपुरंच आहे, एक मोजा सापडत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. रखवालदाराला विचारलं, बाबा, यात कला नक्की कुठली? तो म्हणाला, “जे हलत नाही ते आर्ट, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही घोळ केलात.” दुसऱ्या दिवशी गेले तर पाटी बदललेली: ‘लाकूड, कपडे, डांबरगोळ्या, आई. मापं बदलती.’ डांबरगोळ्यांच्या मागे माझा नंबर. आणि मापांबद्दल मला कोणी विचारलंही नाही. तेव्हापासून रोज तिथे बसून त्याच घड्या मोडून पुन्हा घालते.

तू तिची मावशी, तुझं ती ऐकते. तिला फोन करून खडसाव आणि माझं कपाट घरी आणवून दे. बाकी क्षेम.

तुझी,
ताई

ता. क. फोन करू नकोस. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या देशातल्या, याहून मोठ्या प्रदर्शनाची माणसं तिचं काम बघायला येणार आहेत. ती जिथे शिकवणार म्हणत होती त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना मी कळवून टाकलं आहे, चित्रकलेची जागा भरून टाका, आमच्या मुलीला सवड नाही.

आणखी एक. त्याच आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि वाकायला सक्त मनाई. पाठमोरी तू हुबेहूब माझ्यासारखी दिसतेस. बुधवारी ये, किल्ली देते. घड्या माझ्या पद्धतीने घाल, हसू नकोस, आणि कोणी विचारलंच की हे कोणाचं काम, तर माझ्या मुलीचं, असं सांग. भाचीचं म्हणू नकोस.