गवत उघडण्याआधी

४ जुलै

अद्दीने हात धरून मला ओढ्यापलीकडे खेचलं आणि माझा एक बूट पाण्यात गेला. मागच्या काठावर त्याची इज्जामावशी पोट धरून हसत होती. लग्न झालं की लोक अगादीरला समुद्रावर जातात, आमचा भाचा बायकोला डोंगर चढायला लावतोय, असं तिने अख्ख्या गावाला ऐकवलं. "सूनबाई, पाय मोडला तर तुझे माहेरचे माराकेशवाले तुला परत घ्यायचे नाहीत हो!"

पाच तास चढ. दुपारी चुना लावलेल्या दगडांच्या रांगेपाशी पोचलो. पलीकडे गावाचं कुरण. वसंतापासून बंद आहे. ठरलेल्या सकाळी उघडेपर्यंत एकही जनावर आत जात नाही. राखणदार बाहा चहा उकळत बसला होता. बरोबर कळप आहे का, असं त्याने विचारलं. "ही एकच आहे, बाहाकाका," अद्दी म्हणाला, "आणि तीच मला चारते." म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. गवताला हात लावू नका, एवढं बजावून त्याने आम्हांला सोडलं.

मेंढपाळांची दगडी झोपडी रिकामी आहे. ती आमची. इतकं हिरवं मी कधी पाहिलं नव्हतं.

५ जुलै

खिंडीपर्यंत जाऊन आलो. सावलीत थोडा बर्फ उरला होता. अद्दीने तो माझ्या पाठीत घातला. मी त्याच्या मागे खाली पळाले. लग्नाला नऊ दिवस झाले. अजून मला त्याचं सगळं नवं वाटतं. चालताना डोकं किंचित डावीकडे झुकतं, तेसुद्धा.

झऱ्याकाठी रानकांद्याची पात दिसली. मी मूठभर तोडली. अद्दी जरा थांबला. मग म्हणाला, बंदी जनावरांना आहे, माणसांना कसली. मी ती मसुरात घातली. मला तो उग्र वास सोसत नाही, म्हणून मी माझ्यापुरता माशांचा डबा उघडला. त्याने पातेलं भाकरीने पुसून खाल्लं.

६ जुलै

जाग आली तेव्हा तो बाहेर होता. दवाने गुडघ्यापर्यंत भिजलेला. घंटा ऐकू आल्या म्हणाला. बंद कुरणात कळप कुठला? तसं मी म्हटलं, तर त्याने मान हलवली आणि ऐकत राहिला.

दिवसभर बसला नाही. चहासुद्धा उभ्यानेच घेतला, अर्धा सांडला. मी चिडवलं की बायको एवढ्यात नकोशी झाली का. तो हसला. दातांत हिरवं अडकलं होतं.

७ जुलै

दुपारी झऱ्यावर पाणी आणायला गेले. अद्दी तिथे गुडघ्यांवर होता. हात पाठीमागे. तोंड खाली, गवतात.

हाक मारली. उठला. लाजला. चवीला गोड आहे, असं म्हणाला, जसं काही मी विचारलं होतं.

भाकरी दिली. चावून थुंकली.

उद्या खाली न्यायचं. काहीही झालं तरी.

८ जुलै

दगडांच्या रांगेपर्यंत आला. पुढे नाही. कातडी थरथरत होती. मी ओढलं, ढकललं. तो मला लागू नये म्हणून जपून हिसके देत होता. अजून तेवढा तो होता.

बाहाने त्याचे दात पाहिले. मग माझ्याकडे वळला. "तोडलं कुणी?"

मी म्हटलं, मी.

"आणि खाल्लं त्याने." आत चरलेला जीव बंदी उठेपर्यंत बाहेर पडत नाही, असं त्याने सांगितलं. परवा सकाळी कुरण उघडेल. तेव्हा रांग ओलांडेल. "तोवर धरून ठेव, पोरी. एकदा वर गेला तर मला सापडणार नाही."

कमरेचा पट्टा सोडून त्याचं मनगट माझ्या मनगटाला बांधलं आहे. डाव्या हाताने लिहिते आहे.

९ जुलै, सकाळ

ओढतो. थांबतो. ओढतो. माझं मनगट सोललं.

माझ्याकडे समोरून बघत नाही. एका बाजूने बघतो, एका डोळ्याने. माझं नाव काय, असं मी त्याला विचारलं. घशात काहीतरी हललं, पण —

९ जुलै, दुपार

गाव वर आलं. रांगेखाली तंबू, ढोल, मेंढ्या. इज्जामावशी खालून ओरडली, "अद्द्या, बांधून ठेवलंय की रे तुला! पहिल्याच महिन्यात!" सगळे हसले. मी हात हलवला. काय सांगणार होते?

त्याने फक्त मेंढ्यांकडे —

एकच सकाळ. धरलं आहे. धरलं आहे.

१० जुलै

सकाळी साडेसहाला बाहाने दगड बाजूला केले. कुरण उघडलं. अद्दी रांग ओलांडून बाहेर आला, स्वतःच्या पायांनी. मी रडले आणि गाठ सोडली. मावशीने त्याला भाकरी दिली. त्याने ती हुंगली आणि खाली टाकली. मग वळून मेंढ्यांमध्ये शिरला. बाहा प्रत्येक पाठीला काठी टेकवून मोजत एकेक आत सोडत होता. त्याने मान वर केली नाही. अद्दीच्या पाठीला काठी टेकवली आणि पुढच्या मेंढीकडे वळला.