कोबा वाळेपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

गाडी गेली!

भंगारवाला दोन माणसं घेऊन आला, साखळी अडकवली, आणि अकरा वर्षं जागची न हललेली गाडी दहा मिनिटांत फाटकाबाहेर. चाकं फिरेनात तर घासत नेली. मी आपला मागून 'सावकाश, सावकाश' करतोय. भंगारवाला म्हणाला, "काका, आता तिला काय व्हायचंय?" खरंय म्हणा.

माझी ड्रायव्हिंग शिकवायची पहिली गाडी. दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली. 'एक दिवस दुरुस्त करीन' म्हणत ठेवून दिली होती. माझ्या बाजूचं ब्रेकचं पेडल तेवढं काढून घेतलं. का, विचारू नये.

गॅरेज रिकामं पाहिलं आणि तिथेच खाली बसलो. गाडीचं दुःख नव्हे ते. केवढी जागा होती! आणि मी बायकोला सांगत होतो, जागा कुठाय?

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही जाऊन आज छत्तीस दिवस झाले. "आठ दिवस धाकट्या बहिणीकडे राहून येते," म्हणाली होती. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी भांडणात तरबेज आहे.

कारण मला पक्कं ठाऊक आहे. एकतीस वर्षं हिने वाचनालयाच्या बांधणी विभागात फाटकी पुस्तकं शिवली. निवृत्त झाली तेव्हा त्यांनी तिथलं जुनं प्रेस हिला देऊन टाकलं. बिडाचं, वर चाक असलेलं, चार माणसांनी उचलायचं. पुस्तक शिवून डिंक लावला की त्यात दाबून ठेवायचं. हिला ते गॅरेजमध्ये खिडकीपाशी ठेवून काम सुरू करायचं होतं. मी म्हटलं, गाडी काढतो की, पुढच्या महिन्यात. तोवर प्रेस बाहेरच्या ओट्यावर ताडपत्रीखाली. दोन वर्षं! ताडपत्री फाटली, पाणी गेलं, गंज चढला. डिसेंबरात हिने एकदा ताडपत्री उचलून पाहिलं. चाक फिरवून पाहिलं, फिरलं नाही. परत झाकलं. मला एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी बॅग भरली.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. "बाबा, आईला मावशीच्या गावच्या वाचनालयात बांधणीचं काम मिळतंय. राहायला खोलीपण देतायत. महिनाअखेर हो-नाही कळवायचंय."

मी "बरं," म्हटलं.

"बरं काय! सांगा ना तिला गाडी काढली म्हणून."

नाही सांगणार. पुढच्या महिन्यात, सुट्टीनंतर, पाहुणे गेले की — हे सगळं सांगूनच झालंय माझं. आता माझ्या सांगण्याला घरात कवडीची किंमत नाही. आधी जमीन करायची. स्वच्छ, राखाडी, चकचकीत. मग तोंड उघडायचं. लेकीलाही शपथ घातली.

हिचा फोन रोज सकाळी नऊला येतो. गॅस बंद केलात का, पाणी भरलंत का. एवढंच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीखाली तेलाचा डाग परातीएवढा. कपडे धुवायची पावडर टाकून ताठ ब्रशने घासला. वर लाकडाचा भुसा पसरला, रात्रभर ठेवला, सकाळी झाडला, परत पावडर. तीन दिवस हेच. गुडघ्यांचं काय झालंय ते गुडघ्यांनाच माहीत. डाग आता बशीएवढा आहे.

रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणजे अजब माणूस. मी म्हटलं, जमिनीचा रंग द्या. तो म्हणतो, "थांबा. कोबा धुतलात?" धुतला. "थांबा. तेल निघालं?" निघतंय. "थांबा. ओल बघितली?" रंग मागायला आलोय की लग्नाची मुलगी! शेवटी रंग दिलाच नाही. अ‍ॅसिड, हातमोजे आणि प्लास्टिकचा कागद देऊन घरी पाठवलं. मी त्याचं नावच 'थांबा' ठेवलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

अ‍ॅसिडने धुतलं. पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही — थांबाने मला हे तीनदा म्हणायला लावलं. कोबा फसफसला, मग चार वेळा साध्या पाण्याने. वाळल्यावर थेंब टाकून पाहायचा. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर जमीन रंग धरणार नाही, जिरला तर धरेल. जिरला! डागाच्या जागीसुद्धा. एकटाच टाळ्या वाजवल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

प्लास्टिकचा हातभर चौकोन खिडकीखाली जमिनीवर चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केला. उद्या बघायचा. म्हणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्लास्टिकच्या आतून पाणी! चांगले टपोरे थेंब. आणि नेमके खिडकीखाली, जिथे प्रेस ठेवायचं तिथेच.

थांबाकडे गेलो. "ओल आहे खालून," तो म्हणाला. "वरून रंग मारला तर महिन्याभरात फुगे धरेल, पापुद्रे निघतील." मी म्हटलं, माझ्याकडे महिना नाहीये हो. तो म्हणाला, "मग गालिचा टाका." मला राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ओल कुठून येते ते सापडलं. लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

खिडकीच्या बाहेरच्या भिंतीला नळ आहे. तीन वर्षं गळतोय. हिने मला सांगितलं होतं, मी म्हटलं होतं, बघतो. मग हिने खाली बादली ठेवली. रोज सकाळी ती उचलून झाडांना पाणी घालायची. भरलेली बादली कधी मला दिसलीच नाही, म्हणून मी समजून चाललो होतो की नळ काही फार गळत नाही!

ही गेल्यापासून बादली कोणी उचलली नाही. चव्वेचाळीस दिवस भरून वाहतेय. सगळं पाणी भिंतीच्या पायात, तिथून कोब्याखाली.

नळाचा वॉशर बदलायला सात मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

परत प्लास्टिक. परत थेंब. थोडे कमी, असं मी म्हणतोय.

पंखा लावून ठेवलाय. शटर दिवसभर वर. रंगाचे डबे मात्र आणलेत, थांबाने नाखुशीने दिले. समोर ठेवून बघत बसतो. मनात येतं, मारावा रंग, फोन करावा, 'ये, बघ' म्हणावं. महिन्याभराने फुगे आले तर आले. तोवर ती इथे असेल.

आणि फुगे आले म्हणजे? परत ताडपत्री!

१७ फेब्रुवारी, सोमवार

जमीन वाळत नाही तोवर प्रेस घेतलं हातात. रॉकेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर. शेजारचे घड्याळजी आले, कुंपणावरून बघवलं नाही म्हणून. म्हणाले, "जोर लावू नका, तेल सोडा आणि गप्प बसा." आयुष्यभर इवलाली चाकं सोडवलेला माणूस. दोघे गप्प बसलो. तासाभराने त्यांनी दोन बोटांनी चाक हलवलं — पाव वेढा. मला हुंदकाच आला. घड्याळजींनी शहाण्यासारखं दुसरीकडे बघितलं.

हिला गाडी शिकवायला एकदाच बसवलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. पहिल्याच वळणावर मी 'ब्रेक! ब्रेक!' असा काही ओरडलो, की तिने गाडी तिथेच उभी केली, उतरली आणि चालत घरी गेली. परत कधी बसली नाही. हजारभर लोकांना शिकवलं मी. त्या सगळ्यांशी नीट बोललो असणार, नाहीतर पैसे कोणी दिले असते?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

थेंब.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कोरडं! प्लास्टिक उचललं, उलटं केलं, गालाला लावून पाहिलं. कोरडं ठणठणीत. भेगा बुजवल्या. उद्या प्रायमर.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घात झाला. घात कसला, मीच केला.

रंगाचे दोन डबे असतात, रंग वेगळा आणि तो घट्ट करणारं औषध वेगळं. लागेल तेवढंच मिसळायचं. थांबा म्हणाला होता, "अर्ध्या तासाचं काम एकावेळी." मी म्हटलं, कशाला सारखं सारखं! सगळं एकदम ओतलं. दोन पट्टे मारतोय तोच लेकीचा फोन. बोललो वीस-पंचवीस मिनिटं. परत आलो तर बादली गरम, रंगाचा दगड, आणि त्यात रोलर उभा तो उभाच!

बसून हसलो. मग हसू थांबलं. आठवड्यावर आलाय महिनाअखेर.

२३ फेब्रुवारी, रविवार

थांबाने नवे डबे काढले. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी आभार मानले असते. आज वाटीने मापून मिसळलं. पहिला हात पूर्ण झाला. सुंदर दिसतंय. खरंच सुंदर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नऊला फोन. गॅस, पाणी. ती ठेवणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "प्रेसला गंज लागला तो माझ्यामुळे. चुकलं माझं."

मग हळूच, "अहो, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"लपवत नाही ना काही?"

"लपवतोय, पण तब्येत नाही."

"बरं, ठेवते," म्हणाली. पण ठेवला नाही. मी पण नाही. तिच्याकडचं कोणतंसं दार वाजलं ते ऐकू आलं. जमिनीचं सांगणार होतो. नाही सांगितलं. माफी मागायची आणि लगेच पावती दाखवायची, हे बरं नव्हे.

२६ फेब्रुवारी, बुधवार. दुपार

घड्याळजींच्या ओसरीवर बसून लिहितोय. वही सदऱ्याच्या खिशात होती म्हणून.

आज दुसरा, शेवटचा हात. सकाळी दहाला गॅरेजमध्ये उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दारापासून सुरुवात केली आणि मागे मागे सरकत शटरपर्यंत आलो. एकसारखा, रेघ नाही, केस नाही. बारा वाजता शटरबाहेर उभा राहून कौतुकाने बघत होतो. तेव्हा लक्षात आलं, पुढच्या दाराला आतून कडी आहे! घरात जायचा एकच रस्ता — स्वयंपाकघराचं उघडं दार. आणि त्याच्या-माझ्यामध्ये अठरा फूट ओला रंग. स्वतःलाच घराबाहेर रंगवून काढलं मी.

पाकीट आत. औषध आत. फोन आत! ही सकाळी नऊला करते तो आज आला नव्हता, दहापर्यंत वाट बघून मग रंगाला हात घातला होता. आता आला तरी कोण उचलणार? आणि परवा महिनाअखेर.

घड्याळजी म्हणाले, "अहो, मोजे घाला आणि चार ढांगा टाका. वरून एक हात मारला की दिसणारसुद्धा नाही."

पाय उचललाही होता. मग खाली ठेवला. उद्या दुपारपर्यंत थांबायचं म्हणजे थांबायचं. हवेसाठी शटर अर्धं वर ठेवलं, आणि पुठ्ठ्यावर लिहून लावलं — 'रंग ओला आहे. पाय ठेवू नये.'

घड्याळजींच्या फोनवरून हिला लावायचं म्हटलं, तर नंबर पाठ नाही. चौतीस वर्षांच्या बायकोचा नंबर पाठ नाही! ही भिंतीवर लिहून ठेवते सगळे. भिंत आत.

संध्याकाळ, पाच

पुठ्ठा पडलाय का बघायला गेलो. पुठ्ठा जागेवर. शटरपाशी तिच्या चपला, जोडीने काढलेल्या.

जमिनीवर अनवाणी पावलं. शटरपासून थेट खिडकीपाशी. तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी, खोल उमटलेली, खिडकीकडे तोंड करून — प्रेससमोर उभं राहायचं तशी. तिथून स्वयंपाकघराच्या दाराकडे. परतीची नाहीत.

आत नळ चालू होता. मी वेड्यासारखा पाय उचलला, आणि आतून हिचा आवाज आला, "ब्रेक!"

दाबला.